सोबत कोणाची?

आपल्याकडे घराबाहेर पडणाऱ्या माणसाला, विशेषतः मुलीला, दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, 'कुठे निघालीस?' आणि दुसरा, 'सोबतीला कोण आहे?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर कसेही दिले तरी चालते; दुसऱ्याचे मात्र समाधानकारकच असावे लागते. एस. टी. स्टँडवर अनोळखी बाईच्या शेजारी पोराला बसवून 'जरा लक्ष ठेवा हो' म्हणणारा आपला समाज आहे. या सोबतीत माया आहे, हे मी नाकारत नाही. परंतु हीच सोबत माया न राहता जेव्हा अट बनते, तेव्हा तिचा जरा विचार करायला हवा. प्रस्तुत लेखात मी तोच करणार आहे, आणि तोही अशा एका प्रवाशाच्या बाजूने, की ज्याचे वैगुण्य कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

तो प्रवासी मी स्वतःच आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या कानाच्या आतल्या बाजूला गाठ निघाली. वर्गात कोणी डावीकडून हाक मारली तर मला ती नीट कळेनाशी झाली होती. फोन डाव्या कानाला लावला की पलीकडचा माणूस विहिरीत बसून बोलतो आहे असे वाटे. पुढे तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी 'अकूस्टिक न्यूरोमा' हे नाव सांगितले. ही गाठ कर्करोगाची नसते. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या मज्जातंतूच्या वेष्टणातून ती वाढते आणि सहसा फार सावकाश वाढते. परंतु तिची जागा वाईट. ऐकण्याची, तोल सांभाळण्याची आणि चेहरा हलवण्याची अशा तिन्ही कामांच्या तारा हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून शेजारी शेजारी जातात. तिथे हरभऱ्याएवढे काही वाढले तरी तिन्हींवर दाब येतो; आणि वाढतच राहिले तर दाब मेंदूवर येतो.

अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१७ साली या गाठींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा रोग्याचा जीव वाचवणे हेच मोठे उद्दिष्ट होते. १९६० च्या दशकात विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कानाच्या हाडातून वाट काढली आणि चेहऱ्याची शीर वाचवणे पुष्कळ सोपे झाले. हॉलिवूडचा नट मार्क रफालो याच्यावरही अशीच शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा एक कान गेला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. माझाही डावा कान गेला. चेहरा वाचला, जीव वाचला. या सौद्याबद्दल माझी काही तक्रार नाही. 'एका कानाने ऐकावे आणि दुसऱ्याने सोडून द्यावे' हा सल्ला तेवढा माझ्या उपयोगाचा उरलेला नाही. ऐकलेले सगळे आतच राहते.

कान गेल्याचे लोकांना समजावून सांगता येते. तोल गेल्याचे सांगणे अवघड. अंतर्कर्णात एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव हलतो आणि आपण कोणत्या बाजूला वळलो हे मेंदूला कळते. रॉबर्ट बारानी या व्हिएन्नाच्या डॉक्टराने कानात गार व कोमट पाणी सोडून चक्कर कशी येते ते दाखवले. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्याला १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ती बातमी कळली तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. दोन कानांचे हे दोन काटे नेहमी एकमेकांचा ताळा पाहत असतात. माझ्या बाबतीत एक काटा काढून टाकला. मेंदू हळूहळू दुसऱ्या काट्यावर, डोळ्यांवर आणि पायाच्या तळव्यांवर काम भागवायला शिकतो. मात्र अंधार पडला, जमीन उंचसखल असली, किंवा घाईने मान वळवली, की त्याचा हिशेब चुकतो आणि पाऊल वाकडे पडते.

हा हिशेब मी कळंबा तलावाच्या बांधावर शिकले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले होते, 'चालत राहा आणि चालताना मान डावीकडे-उजवीकडे फिरवा.' सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना ते दृश्य चमत्कारिक वाटत असले पाहिजे. पहिल्या महिन्यात मी आईचा हात धरून चालले, दुसऱ्या महिन्यात आई चार पावले मागून, आणि तिसऱ्या महिन्यात आई घरी. गारगोटी रस्ता ओलांडणे हे त्याहून कठीण होते. आवाज दोन्ही कानांत किती आगेमागे आणि कमीजास्त पोचतो, यावरून आपल्याला त्याची दिशा कळते. एकच कान असला की हॉर्न ऐकू येतो, पण तो कोणत्या अंगाने आला ते कळत नाही. तेव्हा कान सोडून द्यायचा, थांबायचे आणि दोन्ही बाजूंना डोळ्यांनी पाहायचे. एकदा रस्त्याच्या कडेला माझा झोक गेला, तेव्हा मागून एक गृहस्थ म्हणाले, 'सकाळीच घेतली की काय!' कोल्हापूरच्या माणसाच्या स्पष्टवक्तेपणाबद्दल मला आदर आहे. तरीही हे वाक्य मला पुष्कळ दिवस पुरले.

आता मुख्य मुद्दा. दरवर्षी तपासणीसाठी मला मुंबईला जावे लागते. गाठ पुन्हा वाढत नाही ना, हे पाहण्यासाठी ही तपासणी पुढची अनेक वर्षे चालायची आहे. दर खेपेला माझ्यासोबत कोणीतरी यायचे म्हणजे बाबांच्या दोन रजा किंवा दादाच्या कामाचा दोन दिवसांचा खाडा. शिवाय दोन माणसांचे तिकीट आणि दोन माणसांचा मुक्काम. आजी म्हणते, 'सोबतीला कुणीतरी पाहिजेच की गं.' तिचे प्रेम मला कळते. पण मी आज वीस वर्षांची आहे. चाळिसाव्या वर्षीही मला तपासणीला जावे लागेल, तेव्हा ही सोबत कोठून आणायची? सोबतीवाचून ज्याचा प्रवास होत नाही, त्याचे शिक्षण, नोकरी, औषधपाणी सगळेच दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहते. म्हणून यंदा मी एकटी जायचे ठरवले आणि तेही विमानाने.

विमान म्हटल्यावर घरात अधिकच गोंधळ उडाला. 'कानाचे ऑपरेशन आणि विमान?' असे जो तो विचारू लागला. शंका रास्तच आहे. शस्त्रक्रियेत कवटी उघडलेली असते आणि थोडी हवा आत राहिलेली असू शकते. विमान वर गेले की आतला दाब कमी होतो. तो फार तर ८००० फुटांवरच्या हवेइतका राखलेला असतो, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही विरळ. दाब कमी झाला की हवा फुगते. म्हणून ती हवा जिरेपर्यंत डॉक्टर विमानप्रवास करू देत नाहीत. पुढे मात्र त्यांच्या परवानगीने जाता येते. दाबाचा त्रास होतो तो पडद्यामागच्या मध्यकर्णाला, कारण तिथे हवा असते आणि ती घशाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून आतबाहेर करते. विमान उतरताना आवंढा गिळावा, गोळी चघळावी; मी श्रीखंडाच्या गोळ्या नेल्या होत्या. अंतर्कर्णात द्रव असतो, त्याला या चढउताराची तितकी पर्वा नसते. माझ्या डॉक्टरांनी तपासून होकार दिला तेव्हा घरच्यांचा नाइलाज झाला.

उलट, तोल गेलेल्या माणसाला विमान हे रेल्वेपेक्षा सोयीचे, असे माझे मत झाले आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या हलत्या डब्यात मध्यरात्री अंधारातून स्वच्छतागृहापर्यंत जाणे म्हणजे माझ्यासारखीला मल्लखांबच. विमानात तासाभराचा प्रवास, पट्टा बांधलेला, उजेड भरपूर. मी डाव्या अंगाची खिडकी मागून घेतली, म्हणजे गेलेला कान खिडकीकडे आणि ऐकणारा कान माणसांकडे राहतो. विमान वळताना आतले सगळे स्थिर दिसते आणि कान मात्र 'फिरलो' म्हणून सांगतो. अशा वेळी क्षितिजावर नजर ठेवली की डोळे मध्यस्थी करतात. हे सारे मी आधी विचारून घेतले होते, लिहून काढले होते. मला भीती विमानाची नव्हतीच.

अडचण आली ती जमिनीवर, परतीच्या प्रवासात. तिकीट काढतानाच मी कळवले होते की मला एका कानाने ऐकू येत नाही, तोल जातो, म्हणून विमानाच्या शिडीपर्यंत कोणीतरी बरोबर चालावे आणि काही बदल झाल्यास मला समोर येऊन सांगावे. खिडकीवरच्या बाईंनी माझ्याकडे नखशिखान्त पाहिले आणि विचारले, 'तुम्हाला तर काहीच झालेले दिसत नाही. सोबत कोण आहे?' कोणी नाही म्हटल्यावर दोन पर्याय पुढे आले: चाकांच्या खुर्चीत बसा, नाहीतर इतरांसारख्या जा. शिवाय डॉक्टरांचा दाखला आणा. मला चालता येते, मग खुर्चीत का बसू? मला ऐकू कमी येते, त्यावर खुर्ची हा काय उपाय? पण त्यांच्या यंत्रात एवढेच रकाने होते. शेवटी सामान उचलणाऱ्या एका तरुण कामगाराने माझे म्हणणे शांतपणे ऐकले, उजव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, 'चला ताई, मी शिडीपर्यंत येतो.' त्याला कोणी नियम शिकवलेला नसावा. माणुसकी तेवढी ठाऊक होती.

घरी आल्यावर मी नियम शोधून वाचले आणि चकित झाले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीत दिव्यांग व हालचालीवर मर्यादा असलेल्या प्रवाशांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. ज्यांना सोबतीविना एकट्याने प्रवास करायचा आहे त्यांना आवश्यक ते साहाय्य कंपनीने द्यावे, असे त्यात सांगितले आहे. ज्याला केवळ चढउतारासाठी आणि जागेसंबंधी मदत हवी आहे, त्याच्याकडून वैद्यकीय दाखल्याचा आग्रह धरू नये, असेही आहे. प्रवाशाने आपली गरज किमान ४८ तास आधी कळवावी, ही त्याची बाजू. म्हणजे मी मागत होते ती मेहेरबानी नव्हती.

हे नियम आपोआप उगवले नाहीत, त्यांना धार येण्यासाठी माणसांना लढावे लागले. फेब्रुवारी २०१२ मध्ये जीजा घोष या सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. विमानात आपल्या जागेवर बसल्या असताना त्यांना उतरवण्यात आले. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१६ साली न्यायालयाने विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. माणसाची प्रतिष्ठा हा त्या निकालाचा पाया आहे. पुढे मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिले नाही. त्या कंपनीला पाच लाखांचा दंड झाला आणि नियमही सुधारला. प्रवासात एखाद्याची प्रकृती बिघडेल असे कंपनीला वाटले, तर तिने स्वतःच्या अंदाजाने निर्णय न घेता डॉक्टरकडून प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी, असे ठरले. ही दोन्ही माणसे पाहणाऱ्याला वेगळी दिसत होती म्हणून अडवली गेली. माझी गोष्ट याच्या अगदी उलट आहे. मी वेगळी दिसत नाही, म्हणून माझ्यावर विश्वास बसत नाही. दिसले तर 'जाऊ नका', न दिसले तर 'खोटे बोलता'. मधल्या मध्ये माणसाचे म्हणणे कोणी ऐकतच नाही.

कायद्यातही ही फट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले, ही मोठीच गोष्ट झाली. त्याची सर्वसाधारण व्याख्याही उदार आहे: दीर्घकाळचे वैगुण्य आणि समाजातले अडथळे यांच्या संयोगाने ज्याचा सहभाग अडतो, तो दिव्यांग. परंतु परिशिष्टात श्रवणदोषाची मोजदाद आली की अट 'दोन्ही कानांची'. ७० डेसिबलचा दोष दोन्ही कानांत असेल तर बधिर, ६० ते ७० दोन्ही कानांत असेल तर ऐकण्यास कमी. एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा शाबूत असलेला माणूस या मापात बसत नाही, आणि तोल जाणे हा प्रकार तर त्या एकवीसांच्या यादीत स्वतंत्रपणे नाहीच. मला सवलतीचे तिकीट किंवा राखीव जागा नको आहे; ज्यांचे दुःख माझ्याहून मोठे आहे त्यांना ती मिळावी. पण प्रमाणपत्र नाही म्हणजे अडचणही नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

यावर काही आक्षेप येतील. एक असा, की जी मुलगी वाटेत चक्कर येऊन पडू शकते तिने एकटीने जाणे हाच अविचार. याला माझे उत्तर असे: धोका कोणता आणि किती, हे माझ्या डॉक्टरांनी आणि मी मिळून पाहिले आहे. ज्या दिवशी डॉक्टर 'नको' म्हणतील त्या दिवशी मी जाणार नाही. पण तो निर्णय तिकीट-खिडकीवर माझ्या तोंडाकडे पाहून होऊ नये. दुसरा आक्षेप असा, की विमानप्रवास ही चैन आहे, त्यासाठी एवढी शाई कशाला? उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली झाला, तेव्हा विमान खरोखरच राजेरजवाड्यांचे होते. मार्च २०२४ मध्ये तिथे नवी इमारत उघडली, आणि आज तिथून रुग्ण जातात, विद्यार्थी जातात, आखाती देशांतल्या मुलांकडे म्हातारे आईबाप जातात. आणि प्रश्न विमानापुरता नाहीच. एस. टी. च्या कंडक्टरने थांब्याचे नाव पाठमोऱ्याने पुकारले तर मी पुढच्या गावाला पोचते. प्राध्यापक महोदयांनी फळ्याकडे तोंड करून सांगितलेले वाक्य माझ्या वहीत अर्धेच उतरते. विमानतळावर फक्त ही गोष्ट अधिक लखलखीत उजेडात दिसली, इतकेच.

याच विमानतळांवर मला एक उपायही सापडला. मुंबईसह देशातल्या अनेक मोठ्या विमानतळांनी ध्वनिक्षेपकावरच्या घोषणा जवळजवळ बंद केल्या आहेत. दाराचा क्रमांक, वेळ, बदल, सारे फलकावर येते. तिथे गेल्यावर चांगल्या कानांची माणसेही माझ्यासारखीच मान वर करून फलक वाचत उभी होती. ही सोय कोणी बहिऱ्यांसाठी केलेली नाही, गोंगाट कमी व्हावा म्हणून केली. पण तिच्यामुळे तिथे तासभर मी कोणाहून उणी नव्हते. वैगुण्य माणसात किती आणि मांडणीत किती, याचा हिशेब त्या एका तासात मला जितका कळला तितका कोणत्याही पुस्तकातून कळला नव्हता. अर्थात फलक बिघडला किंवा आयत्या वेळी दार बदलले तर समोर येऊन सांगणारे माणूस लागतेच. म्हणून फलकही हवा आणि माणूसही.

माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींनो, मला सोबत नको आहे असे मी म्हणत नाही. मला सोबत हवी आहे. पण ती बाबांच्या रजेची किंवा भावाच्या उपकाराची नको, तर नियमाची, फलकाची आणि वाटेत भेटणाऱ्या शहाण्या माणसाची हवी. पांगळ्याला काठी देताना आपण त्याच्या बरोबर गावभर फिरत नाही. काठी त्याच्या हाती देतो आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ देतो. एकट्याने जाणे म्हणजे कोणाचीही मदत न घेणे, असा एक गैरसमज आहे. आपल्याला काय हवे ते आपल्या तोंडाने मागता येणे आणि मागितलेले तेवढेच मिळणे, याला मी एकट्याने जाणे म्हणते.

यासाठी फार खर्च लागत नाही. कोणी 'मला या बाजूने ऐकू येत नाही' म्हणाले तर बाजू बदलावी; आवाज चढवू नये, कारण मोठ्या आवाजाने दिशा कळत नाही. कोणाचा झोक गेला तर तोंडाचा वास घेण्याऐवजी कोपर पुढे करावे आणि 'धरणार का?' असे विचारावे. न विचारता दंड धरला तर उरलासुरला तोलही जातो. सूचना फलकावर लिहावी. सहलीच्या अर्जात 'सोबत कोण' या रकान्याशेजारी 'आपल्याला काय लागेल' असा एक रकाना काढावा. आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयाला एवढे तरी करायला हरकत नसावी. कदाचित त्या रकान्यात पहिल्या वर्षी एकच उत्तर येईल. दुसऱ्या वर्षी मात्र आजवर गप्प बसलेली चारदोन मुले आपले उत्तर लिहितील, अशी माझी खात्री आहे.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग ३ (कळंबा)